मसाल्याच्या डब्यातली पंच्याहत्तरी

वन्सं,

तुमच्या मागची सगळी कामं झाली. दाखला आणला. पेन्शनच्या ठिकाणी कळवलं. इन्सुलिनची न उघडलेली पेनं दवाखान्यात गरजूंसाठी देऊन आले. साड्या ज्यांना द्यायच्या त्यांना दिल्या, खाकी गणवेश तेवढा तुमच्या भावाने, श्रीकांतने, ठेवून घेतला. फ्रिजवरच्या यादीत प्रत्येक ओळीसमोर खूण आहे. एकच ओळ राहिली. तिथे मी नुसतं 'डबा' असं लिहून ठेवलंय. डब्याचं काय करायचं ते लिहिलेलं नाही. माझ्या यादीत क्रियापद नसलेली ओळ कधी नसते, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? 'दळण आणणे, बिल भरणे, वन्संना ओरडणे' अशी माझी नक्कल करून तुम्ही श्रीकांतला हसवायचात.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुम्ही आधीपासून इथे होतात. तेव्हा तुम्ही आमच्याकडे राहत होतात की मी तुमच्याकडे, हा वाद आपण शेवटपर्यंत मिटवला नाही. वन्सं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक चित्र येतं, तशा तुम्ही नव्हतात. एसटीत कंडक्टर होतात. पहाटे उठून, टोपी पिशवीत टाकून डेपोत जायचात, दिवसभर नाशिक-निफाड फेऱ्या मारायचात आणि परत आल्यावर पाय बादलीत सोडून बसायचात. मी पहिल्यांदा नोकरीवर रुजू झाले, त्या दिवशी ओट्यावर पोळ्या करून झाकून ठेवलेल्या होत्या. मी ओशाळून काही बोलायला गेले तर म्हणालात, "माझ्या गाडीत रोज एवढी माणसं चढतात उतरतात, दोन पोळ्यांचं काय घेऊन बसलीस?" त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पोळ्यांची पाळी कोणाची, याचा तक्ता केला. माझी आभार मानायची पद्धत तीच होती, असं आता म्हणावंसं वाटतं. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला फक्त घोळ नको होता.

एकदाच मी तुमच्या गाडीतून निफाडला गेले. तुम्ही मला ओळख दाखवली नाहीत. "कुठं जायचंय, ताई?" म्हणून सगळ्यांदेखत तिकीट फाडलंत. द्राक्षाचा हंगाम होता. पेठकडच्या बायका बोचकी घेऊन चढल्या होत्या, बागांवर कामाला निघालेल्या. त्यांतली एक लुगड्याच्या पदराची गाठ सोडून नाणी काढत होती, एकेक करून. गाडी हलत होती, मागचे लोक ओरडत होते, तुम्ही तळहात पसरून तिच्यासमोर उभ्या. तिचं संपल्यावर तुम्ही ती सगळी नाणी न मोजता पिशवीत टाकलीत. उतरल्यावर तुम्ही मला उसाचा रस पाजलात, तेव्हा मी विचारलं, "वन्सं, मोजलं का नाही?"

"तिनं मोजलं ना," तुम्ही म्हणालात. "पुना मी मोजलं तर तिला काय वाटंल?"

मला हे तेव्हा हलगर्जीपणाचं वाटलं होतं.

मग तुमच्या नोकरीच्या शेवटच्या काळात ती नाणी आली. बायकांना अर्धं तिकीट झालं आणि तुमच्या पिशवीत सुट्ट्यांचा पाऊस पडायला लागला, त्या सुमारास. मी स्वयंपाकघरात होते. ओट्यावर दहाचं नाणं आपटून तुम्ही विचारलंत, "मेधा, काय लिव्हलंय बघ गं यावर?"

स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचं होतं. वर ते पंच्याहत्तरचं चिन्ह. मी सांगितलं, अशी एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांचीही आहेत, चलनातली, लोक जमवतात. तुम्ही स्वतःच्या पर्समधले दहा रुपये पिशवीत टाकलेत आणि ते नाणं काढून घेतलंत. "मग मी पन जमवते. पंच्याहत्तरीची."

"जमवा, पण पद्धतशीर जमवा," मी म्हटलं.

तुम्ही काही म्हणायच्या आत मी इंटरनेटवर माहिती काढली. सालाखाली टांकसाळीची खूण असते, कुठे ठिपका, कुठे चांदणी, कुठे चौकट, कुठे काहीच नाही. मी तक्ता केला. एका बाजूला किमती, दुसऱ्या बाजूला खुणा, मिळेल त्या चौकोनात बरोबरची खूण करायची. लॅमिनेट करून आणला. तो तुम्ही गॅलरीत डास हाकायला वापरलात. एवढ्यावर न थांबता मी बँकेतल्या ओळखीतून कोरी करकरीत नाणी आणली. पाकीट तुमच्या मांडीवर ठेवलं. तुम्ही एक उचललंत, अंगठा फिरवलात.

"याला अजून कुनाचा हात नाय लागला."

"म्हणूनच तर किंमत आहे त्यांना, वन्सं."

"हात नाय लागला तर पैसा कसला गं तो? बिल्ला झाला."

मी रागावले. तुम्ही हसलात आणि पाकीट ठेवून घेतलंत. पुढेही दोन-तीनदा मी अशी नाणी आणली, दरवेळी "आनले का बिल्ले?" असं ऐकून घेतलं. त्या नाण्यांचं तुम्ही पुढे काय केलंत ते मी कधी विचारलं नाही. द्यायचं काम माझं, ते झालं होतं.

आपली भांडणं बहुतेक अशीच, कारण छोटं आणि दोघी हट्टी. किराणावाल्याकडचं आठवतं का? तो तुमचं दहाचं नाणं घेईना.

"मावशी, दहाचं कॉइन चालत नाही."

"का? आजारी हाय का ते?"

"पुढे कोणी घेत नाही ना."

"सरकारनं पंच्याहत्तरीला काढलंय ते. स्वातंत्र्य घेतलंस ना तू? मग हे पन घे."

मागे रांग वाढत होती. मी मोबाइल काढला, कोड स्कॅन केला, पैसे भरून मोकळी झाले. तुम्ही नाणं मुठीत धरून घरापर्यंत आलात. दारात चपला काढताना म्हणालात, "तो घेनार होता. तू मधीच मिटवलंस." मी म्हटलं, वेळ वाचला. त्यावर तुम्ही बोटाच्या पेराने दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक केलंत. गाडीतली घंटी दोनदा मारली की गाडी पुढे जाते, तसं. विषय संपवायची तुमची ती रीत होती.

निवृत्तीनंतर साखरेने तुमच्या डोळ्यांवर घाला घातला. उजव्याने अंधूक, डाव्याने जवळपास काहीच नाही. टीव्ही गेला, पेपर गेला. राहिला तो डबा. मी नवा, काचेच्या झाकणाचा आणला तेव्हा टाकून द्यायला काढलेला आपला जुना स्टीलचा मसाल्याचा डबा. झाकण घट्ट बसत नव्हतं, कितीही धुतला तरी वास जात नव्हता. तुम्ही तो मागून घेतलात. कडेने सहा वाट्या, मध्ये एक. त्यात तुमची पंच्याहत्तरीची नाणी. सकाळी कोपऱ्यावर फुलं आणायला जायचं, भाजीवाल्यांशी गप्पा, अधूनमधून डेपोपर्यंत रिक्षाने. परत आलं की गॅलरीत बसून डबा मांडीवर. एखादं नवं नाणं आलं असलं तर ते कुठल्याशा वाटीत. मग बाकीची चाळत बसायचं. टिंग, टिंग. घरून काम करायच्या दिवशी माझी मीटिंग चाललेली असायची. मी दारातून डोकं काढून म्हणायची, "वन्सं, जरा आवाज." तुम्ही डब्याखाली टॉवेल घ्यायला लागलात.

आता ते सांगते.

पायाच्या जखमेसाठी तुम्हाला हॉस्पिटलात ठेवलं, तेव्हा मी तुमची खोली आवरायला घेतली. तुम्ही परत याल तेव्हा सगळं हाताशी मिळावं, एवढाच हेतू होता. गोळ्यांचे कप्पे केले, कपाटाच्या कडेला दोरी बांधली म्हणजे धरून चालता येईल. मग डबा उघडला. प्रत्येक वाटीत सगळ्या किमतींची नाणी सरमिसळ. एक वाटी तर हळदीने पिवळी पडलेली, तशीच. मधल्या वाटीत मात्र सगळी चकचकीत. मी मनात म्हटलं, चला, एक तरी वाटी बाईंनी नीट ठेवलीय. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून बाकीच्यांचा गोंधळ झाला असणार, असं मी धरून चालले. सगळी नाणी ताटात ओतली. डबा आणि वाट्या गरम पाण्यात सोडा घालून घासल्या, उन्हात वाळवल्या, वास जाईपर्यंत. एका वाटीत एक रुपयाची, पुढच्या वाटीत दोनची, मग पाच, दहा, वीस. उरलेल्या दोन वाट्यांत सेफ्टी पिना आणि रबर. मला फार बरं वाटलं त्या दिवशी. यादीवर खूण केली.

तुम्ही घरी आलात. दुसऱ्या दिवशी मी स्वतः डबा तुमच्या मांडीवर दिला. "बघा वन्सं, कसा लावलाय. हिंगाचा वासही घालवला."

तुम्ही झाकण काढलंत. एका वाटीत बोटं घातलीत, मग दुसऱ्या. तुमचा अंगठा नाण्यांवरून फिरला. मग तुम्ही वाटी उचलून नाकाशी नेलीत. मला वाटलं, स्वच्छता तपासताय. मला हसूसुद्धा आलं.

"छान लावलंस," तुम्ही म्हणालात.

दोन दिवसांनी जेवताना तुम्ही विचारलंत, "मेधा, माझी नाणी कुठं गेली गं?"

"कुठं जातील? सगळी आहेत. एकूण एक."

"तसं नाय. कुठली कुठं—"

"मोजून ठेवलीत मी, वन्सं. संशय असेल तर भावाकडून मोजून घ्या परत."

श्रीकांतने हातातला घास खाली ठेवला. तो म्हणाला, "अगं, ताईला तसं नसेल म्हणायचं." मी म्हटलं, मग कसं? तुम्ही तोंड माझ्याकडे वळवलंत, पण थोडं चुकीच्या दिशेला, पाण्याच्या तांब्याकडे. मग म्हणालात, "बरं." आणि ताटाच्या काठावर बोटाने दोनदा वाजवलंत.

त्यानंतर गॅलरीतून आवाज आला नाही. मी एकदाही विचारलं नाही, वन्सं, डबा का उघडत नाही? माझ्या मीटिंगा शांततेत होत होत्या. टॉवेल मी धुवून कपाटात ठेवला.

तुम्ही गेलात तेव्हा मी ऑफिसात होते, एवढंच लिहिते.

सगळं उरकल्यावर तुमच्या फोटोला हार आणायला मी कोपऱ्यावर गेले. फुलवाली यशोदाबाई मला चेहऱ्याने ओळखत होती. म्हणाली, "कंडक्टरबाई दिसत नाय लय दिवस?" मी सांगितलं. तिच्या हातातली सुई तशीच राहिली. मग म्हणाली, "माझं रोजचं गिऱ्हाईक होतं, तरी मला कोनी सांगितलं नाय." माझ्या कळवायच्या यादीत तुमचे डेपोतले लोक होते, नातेवाईक होते, डॉक्टर होते. जिच्याशी तुम्ही रोज सकाळी बोलत होतात, ती नव्हती.

दुपारी ती घरी आली. मखमलाबादकडे त्यांची फुलशेती, तिथून पहाटे येणारी बाई, दुपारी घरी जायची घाई असते तिला. तरी आली. झेंडूची माळ घेऊन आली आणि पैसे घेतले नाहीत. गॅलरीत तुमच्या जागेजवळ खाली बसली. डबा तिथेच स्टुलावर होता.

"माझी वाटी बघू, वहिनी."

"कसली वाटी?"

"हळदीची. बाई म्हनायच्या ना, यशोदे, तू हळदीत हायेस. मोडीत मी एखांदं पंच्याहत्तरीचं दिलं की घरी येऊन हळदीत टाकायच्या. माझ्याकडं रोज मागायच्या, आज हाय का गं माझं? नसलं तर मी शेजारच्या गाड्यावरनं बदलून आनायचे."

मी विचारलं, आणि बाकीच्या वाट्या?

"मोहरीत द्राक्षावर येनाऱ्या बाया, पेठकडच्या. जिऱ्यात बाईंच्या गाडीचा डायवर. बाकीचं मला नाय ठावं. त्या म्हनायच्या, पंच्याहत्तर वर्सं झाली, ती काय नुसती दिल्लीला झाली का? या लोकांच्या हातनं झाली. पन नाण्यावर त्यांचं नाव नाय, मग मी वाटीत ठेवते."

मी डबा तिच्यापुढे सरकवला. न सरकवून काय करणार होते? तिने झाकण काढलं, बघितलं, सेफ्टी पिना बघितल्या.

"ही तं दुकानावानी लावली."

मग तिने माझा चेहरा पाहिला असावा. झाकण लावत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वहिनी. पैसा इथून तिथून सारखाच."

वन्सं, किती वर्षं तुमचा अंगठा नाणी ओळखत होता! अंधाऱ्या गाडीत, गर्दीत, न बघता. बाराकोनी ते वीसचं, जाड ते पाचचं. किमतीप्रमाणे लावून मी तुम्हाला काय दिलं? ते तर तुमच्या अंगठ्यात आधीच होतं. अंगठ्याला जे कळत नव्हतं, कोणाकडून आलं ते, तेवढंच तुम्ही वाट्यांमध्ये ठेवलं होतं. डोळे गेल्यावर वाटी ओळखायला मसाल्यांचे वास होते. मी नाणी मिसळली आणि वाससुद्धा धुऊन टाकले. तुम्ही वाटी नाकाशी नेलीत तेव्हा तुम्ही यशोदाबाईला शोधत होतात. आणि त्यावर "छान लावलंस" म्हणालात. आणि मग "कुठली कुठं" एवढंच विचारायला गेलात, तर मी हिशेब तोंडावर फेकला. पदराची गाठ सोडणाऱ्या त्या बाईला काय वाटेल, याची तुम्हाला काळजी होती. मला तुमच्याबद्दल तेवढीही वाटली नाही.

तुम्ही भांडला का नाहीत? किराणावाल्याशी भांडलात तसं. "अगं बये, तू माझी माणसं मिसळलीस" असं एकदा ओरडला असता तर निदान त्याच दिवशी विचारून विचारून अर्धी तरी परत लावली असती आपण. हा राग मला तुमच्यावर येतो, मग स्वतःची लाज वाटते. तुम्ही बोलायला गेलाच होतात. मीच मधी मिटवलं.

यशोदाबाई गेल्यावर मी नाण्यांची एकेक वाटी ताटात वेगळ्या ढिगात ओतली. म्हटलं, बघू तरी. कुठे हळदीचा डाग राहिलाय का, कशाला मोहरीचा वास आहे का. काही नाही. माझ्या कामात कसर नसते. सगळी नाणी सारखी, मळकट, हातोहात फिरून गुळगुळीत झालेली. यातलं निफाड रस्त्यावरचं कुठलं, फुलांच्या टोपलीतलं कुठलं, कळायला मार्ग नाही. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की काही वेगळी दिसताहेत. चकचकीत. एक दहाच्या ढिगात, एक विसाच्या, दोन पाचच्या. मी ती वेचायला लागले. वेचता वेचता हात थांबला.

मधली वाटी.

बिल्ले म्हणायचात तुम्ही त्यांना. टाकून दिले नव्हते, खर्चही केले नव्हते. जिऱ्या-मोहरीच्या बरोबर, सगळ्यांच्या मध्ये मला वाटी दिली होती. आणि सात वाट्यांतली ती एकच मला आज जशीच्या तशी परत लावता येते. कारण माझ्या नाण्यांना कोणाचा हात लागलेला नाही. बाकी सगळ्यांना मी मिसळून टाकलं आणि स्वतः तेवढी वेगळी ओळखू येते.

ती वाटी मी लावली नाही, वन्सं. लावली असती तर तुमचा डबा माझा झाला असता.

त्या चकचकीत नाण्यांतलं दहाचं घेऊन मी आज सकाळी कोपऱ्यावर गेले. मोबाइल घरी ठेवून. यशोदाबाईला म्हटलं, दहाची फुलं दे. तिने पुडी बांधली. मी नाणं पुढे केलं. तिने ते उलटंपालटं केलं, उन्हात धरलं.

"लय नवंय. कुठून आनलं?"

"घरातलंच आहे. चालेल ना?"

तिने नाणं टोपलीतल्या ओल्या पानांखाली टाकलं, बाकीच्या चिल्लरीत. मागे एक गिऱ्हाईक घाई करत होतं. त्याने वीसची नोट दिली, तिने न बघता हात घालून तेच नाणं मोडीत त्याला दिलं, आणि तो खिशात टाकून निघूनही गेला.

"न चालायला काय झालं," ती म्हणाली. "चाललं की."

उद्या पाचचं घेऊन जाणार आहे.